वर्षश्राद्धाची सायकल

आमच्या घरी सायकल आहे असं मी शाळेत सांगायची आणि ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त ती सायकल एका जागी नव्हती. पुढचं चाक मोरीवरच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. मागच्या चाकाची नुसती रिम माळ्यावर, तिच्यात आईने आमसुलांची पिशवी ठेवलेली. चेन तुपाच्या रिकाम्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेली, पेडलं आणि छर्रे जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले, आणि फ्रेम खाटेखाली. फ्रेमच्या त्रिकोणात कांदेबटाटे, कारण जागा फुकट घालवणं आईच्या स्वभावात नव्हतं. बाबा कधी खाटेखाली वाकून फ्रेम ओढायला लागले की बटाटे घरभर घरंगळत आणि आई चुलीपुढून ओरडे, ‘‘आधी माजे बटाटे भरा, मगे काय ती तुमची गाडी काढा!’’ बाबा हसत. ते तिला गाडीच म्हणायचे.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेला राहायचो, गावठाणाला लागून असलेल्या एका बैठ्या चाळीत. आज तिथे काय आहे ते पाहायला मी जात नाही. तेव्हा मागच्या दाराशी विहीर होती, पलीकडे भाताची शेतं, आणि शेजारी मिंगेलमामाचं कौलारू घर. मिंगेलमामा तिथला जुना रहिवासी, ख्रिश्चन, आपल्या शेतातली भाजी सायकलला टोपल्या बांधून स्टेशनबाहेर विकायचा आणि आमच्याशी मराठीतच बोलायचा. सकाळी त्याच्या सायकलची घंटी वाजली की आई पेजेचं भांडं उतरवायची. उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर भाजलेला सुका बांगडा, हा आमचा रोजचा नाश्ता. बांगड्याचा वास सगळ्या चाळीत जायचा आणि कुणाचं काही म्हणणं नसायचं, कारण प्रत्येकाच्या घरून तोच वास येत असे.

बाबा मरोळच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात होते. घरापासून कारखान्यापर्यंत शेतांच्या बांधावरून आणि पुढे माळावरून रस्ता होता, आणि तो ते चालत जायचे. कोकणात गावी लहानपणी ते चालले, गिरणीत होते तेव्हा चालले, इथेही चालले. त्यांच्या उजव्या तळव्याला कुरूप होतं. संध्याकाळी आल्यावर आई घमेल्यात गरम पाणी घेऊन मूठभर मीठ टाकायची आणि बाबा त्यात पाय सोडून बसायचे, डोळे मिटून. ‘गाडी झाली की हे सगळं संपलं’, असं ते त्या घमेल्यात पाय ठेवून म्हणायचे. आई आणखी गरम पाणी ओतायची.

त्यांनी सायकल विकत का घेतली नाही हे मला लहानपणी समजत नसे. आता समजतं, आणि त्यात फक्त ऐपतीचा भाग होता असं मला वाटत नाही. त्यांना ती जमवायची होती. कुणी मोडकी सायकल टाकणार असं कानावर आलं की बाबा तिथे हजर. एकदा हँडल आलं, एकदा सीट आली, तिच्या स्प्रिंगा गंजलेल्या. एखादा भाग आला की तो रविवारी दुपारी पायरीवर बसून घासायचा, आणि माझं काम समोर बसून फडकं धरायचं. चाकाचे आरे कसायचे तेव्हा ते मला चाक फिरवायला सांगत, आणि रिमच्या कडेला खडू धरून म्हणत, ‘‘बघ मंदा, कुठे घासतं ते बघ.’’ जिथे खडू लागे तिथे चाक वाकडं. मग एक आरा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा फिरव. चाक फिरत असताना जो बारीक आवाज येतो तो मला अजून आवडतो. पण दरवेळी काहीतरी नडायचं. पुढचं चाक धरणारा चिमटा आला तर तो फ्रेमला बसायचा नाही. फ्रेमला बसेल असा चिमटा आला तर दरम्यान पुढचं चाक त्यांनी मिंगेलमामाला दिलेलं असायचं, त्याचं चाक वाकलं म्हणून. असा हा माणूस. आई म्हणायची, ह्यांची सायकल म्हणजे भिशी आहे, सगळ्यांना मिळते, ह्यांचा नंबर येतच नाही.

आणि एके दिवशी बाबा कारखान्यातच गेले. छातीत कळ आली, बाकावर बसले, संपलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पुढचे दिवस मला धडपणे आठवत नाहीत, फक्त माणसं येत होती आणि आई चुलीपाशी बसलेली होती, चूल पेटलेली नसताना. दहिसरहून धाकटा काका आला. मला भाऊ नाही, म्हणून क्रियेला तोच बसला. बाराव्याला भटजींनी छत्री मागितली, वहाणा मागितल्या, पाण्याचा तांब्या मागितला. गेलेल्याची वाट लांबची असते, उन्हापावसाची असते, म्हणून त्या वाटेवर लागणाऱ्या वस्तू इथे कुणाच्या तरी हातात द्यायच्या. काकाने नव्या कोऱ्या वहाणा आणल्या. त्या पाटावर ठेवलेल्या पाहिल्या आणि आई, जी तोवर रडली नव्हती, ती एकदम फुटली. बायका म्हणाल्या, रडू दे. पण ती वहाणांकडे बोट दाखवून काय म्हणत होती ते मी ऐकलं. ‘‘म्हंजे थयसुद्धा चलतच?’’

दिवस झाल्यावर काका घर आवरायला लागला. माणूस वाईट नव्हता, उलट त्याला जबाबदारीची फार घाई होती. खाटेखालची फ्रेम ओढून तो म्हणाला, ‘‘वयनी, ह्या सगळा भंगारात देऊन टाकूया. दोघी बायकांका ह्या लोखंडाचा काय करूचा हा? आणि मंदा काय, आज ना उद्या परक्याचा धन. तिचा लगीन झाला की तू दहिसराक ये आमच्याकडे.’’ आईने हातातलं काम थांबवलं नाही. ती म्हणाली, ‘‘भंगारात काय एक जावचा नाय. ह्येंका मी चलत धाडलंय. वर्साच्या श्राद्धाक सायकल दान करूची आसा.’’

काकाने फ्रेम परत खाटेखाली सरकवली. मृताच्या नावाने दान करायचं म्हटल्यावर कोण काय बोलणार? त्याने फक्त भटजींना विचारलं, सायकल चालते का. भटजी पार्ल्याचे, वयस्क, दम्याने बेजार, पण माणूस नीट ऐकून घेणारा. ते म्हणाले, ‘‘वाहनाचं दान आहेच की. पूर्वी घोडा देत, आता सायकल. पण एक सांगतो वहिनी, मोडकी, अपुरी वस्तू दानात चालत नाही. हे सुटे तुकडे आहेत. हे दिलेत तर त्यांना तिकडे तुकडेच पोचतील.’’ असं म्हणून त्यांनी खाटेखालच्या फ्रेमकडे पाहिलं आणि आईने माझ्याकडे. त्या घरात ती सायकल जोडू शकेल असं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझी अडचण कळेल. त्याच सुमाराला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओचे भाग जोडण्याच्या एका लहानशा कारखान्यात मुली घेत होते. गावठाणातल्या दोघी तिघी तिथे जात होत्या, त्यांच्याबरोबर मी जाऊन हातांची परीक्षा देऊन आले. तिथल्या बाईंनी मला पसंत केलं. पाळी सकाळी सातची. त्या वेळी तिकडे जाणारी बस नव्हती. गावठाणातल्या मुली सायकलवरून जायच्या. मिंगेलमामाच्या सायकलवर मीही चालवायला शिकले होते, पण जाणार कशावरून? काकाने विषय निघताच हात झाडला. ‘‘काळोखात त्या माळावरसून चेडू एकट्या चलत जातला? उद्या काय झाला तर दादाक मी काय सांगू?’’ मेलेल्या भावाला उत्तर द्यायची त्याला खरंच काळजी होती. मी आईकडे पाहिलं, ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही, आणि मला वाटलं तिने ऐकलंच नाही. कारखान्याच्या बाईंनी सांगितलं, घरातलं वर्ष होईपर्यंत जागा ठेवते, त्यापुढे नाही ठेवता येणार.

म्हणजे काय झालं पाहा. मला नोकरीसाठी हवी होती एक सायकल. ती घरातच होती. आणि मीच ती माझ्या हातांनी जोडायची होती, दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करण्यासाठी. हे आईला मी कोणत्या तोंडाने सांगू? तिचा नवरा कुठल्याशा वाटेवर कुरूप झालेल्या पायाने चालतो आहे असं तिला रोज दिसत होतं. दुपारी जेवताना मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, ‘‘खय पोचले असतील गो?’’ त्या प्रश्नापुढे माझी नोकरी काढणं मला जमलं नाही. मला परलोकाबद्दल तेव्हाही शंका होत्या आणि आता तर वय असं आहे की लवकरच खात्री करून घेता येईल. पण आईचं दुःख डोळ्यांपुढे होतं, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

मी जोडायला बसले. दुपारची कामं उरकली की पायरीवर पोतं अंथरायचं. मिंगेलमामाने नट आवळायचे पाने आणि पंप दिला, आणि बाबांनी त्याला दिलेलं ते चाकही परत आणून ठेवलं. ‘‘त्याचंच होतं ते,’’ एवढंच म्हणाला, आणि आपल्या सायकलला कुठून तरी जुनं चाक बसवून भाजी न्यायला लागला. नसलेले भाग त्यानेच ओळखीपाळखीने मिळवले. चेन रॉकेलमधून काढली तेव्हा ती इतकी स्वच्छ निघाली की मला रडू आलं, कारण ती बाबांनी बुडवली होती. मी आरे कसले, खडू धरला, चाक फिरवलं. चाक फिरवायला समोर कोणी नव्हतं, तेव्हा एका हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने खडू. आई आत बसून ऐकत असायची. कधी चहा ठेवून जायची, सायकलकडे न बघता. प्रत्येक नट आवळताना मला दोन गोष्टी एकदम वाटायच्या: बाबांचं काम पुरं होतंय, आणि माझं दार लागतंय. ज्या दिवशी ती दोन्ही चाकांवर उभी राहिली त्या दिवशी मी तिला भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन निजले. फिरवून बघावंसंही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, फार वाटलं, म्हणूनच नाही बघितलं.

मग तिसरीच पंचाईत उभी राहिली. घ्यायला कोणी तयार होईना. भटजींनी हात जोडले, ‘‘मला दोन पावलं चालताना धाप लागते, मी तिच्यावर बसून कुठे जाऊ? आणि नेऊन विकली तर ते दान कसलं?’’ देवळातल्या पुजाऱ्याकडे आई गेली, तो म्हणाला, मृताची वस्तू, त्यातून वाहन, बायको नको म्हणते. भाजीवाल्यांतला एक गरीब माणूस आधी हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून येईनासा झाला. छत्री घेतात, वहाणा घेतात, पण गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेल्या सायकलवर बसायला लोक भीत. कुठे घेऊन जाईल, असं. आईने मिंगेलमामालासुद्धा विचारलं, तुमच्यात चालतं का म्हणून. तो बिचारा टोपी हातात फिरवत म्हणाला, ‘‘मी घेईन गं बाय, पण तुझ्या भटजीला ते पटेल काय?’’ आई तशीच परत आली. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. काका म्हणाला, आता भंगारच. आई पुन्हा तांदूळ निवडायला बसली आणि त्या दिवशी ती फार वेळ निवडत होती.

श्राद्धाच्या दिवशी घर सकाळपासून वड्यांच्या वासाने भरलं होतं. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, अळूची भाजी, खीर, सगळं आईने एकटीने केलं, मला फक्त खोबरं वाटायला बसवलं. काका सोवळं नेसून पाटावर बसला. पिंड झाले, पान वाढून झालं. सायकल अंगणात दाराशी आणून उभी केली होती, हँडलला तुळशीची माळ. भटजींनी हलकेच विचारलं, ‘‘दान घेणार कोण?’’

आई आतून आली. पदराने हात पुसत ती उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘मंदा घेईत.’’

मला आधी कळलंच नाही की माझं नाव घेतलंय. काका पाटावरून अर्धा उठला. ‘‘वयनी, घरातल्या माणसाक दान देतत? ह्या हातातला त्या हातात? त्येका काय अर्थ आसा?’’

‘‘घरातला कोण?’’ आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. ‘‘मंदा जल्माक इली तेवापासून माका सगळे सांगतत, चेडू परक्याचा धन. तुमी बारशाक सांगलात भावजी. ह्येंच्या दिवसांक ह्याच जाग्यार बसून सांगलात. आमी फक्त सांभाळतंव, ती आमची न्हय. मग आज मी परकीकच देतंय. खरा आसात तर घेऊ द्या तिका. खोटा आसात तर तसा सांगा.’’

कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता, ते उतरवायचंही कुणाला सुचलं नाही. भटजींनी जानवं बोटांत धरलं. म्हणाले, ‘‘लग्न झालेल्या लेकीला देतात. भाच्याला देतात, जावयाला देतात. कुमारिकेला दिलेलं मी पाहिलेलं नाही.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण नाही म्हणणारं वचनही मला माहीत नाही. घेणारा मिळाला नाही तर संकल्प अडकून राहील, ते मात्र वाईट. यजमानांनी ठरवावं.’’

यजमान म्हणजे काका. त्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग अंगणातल्या सायकलकडे. मला वाटतं त्या क्षणी त्याला सगळं दिसलं, ती सायकल सकाळी सातला कुठे जाणार आहे तेही. मला खात्री होती की तो नाही म्हणणार. तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘दादाक आणखी चलूक लागू नये.’’ आणि त्याने पळी उचलली.

मी त्याच्यासमोर पाटावर बसले. त्याने सायकलच्या हँडलवर दर्भ टेकवला, बाबांचं नाव आणि गोत्र उच्चारलं, आणि ते उच्चारताना तो लहान मुलासारखा अडखळला. माझ्या ओंजळीत तुळशीचं पान पडलं आणि त्यावर पाणी. थंडगार पाणी. मला तेव्हा आनंद झाला असं कुणाला वाटेल. मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. सगळ्यांसमोर, बाबांच्या नावाने, माझ्या आईने मला परकी म्हटलं होतं. मला मोकळं करायला तिला दुसरा शब्द मिळाला नाही, हे आज मला समजतं. त्या घरात तिच्या हाती दुसरं हत्यारच नव्हतं. लोकांनी जो शब्द आयुष्यभर तिच्या लेकीवर उगारला तोच तिने उचलला आणि त्याने माझी वाट मोकळी केली. पण तो लागायचा तिथे लागला. पुढे माझं लग्न झालं, सासरी पाठवताना सगळे रडले, मी नाही रडले. माझी पाठवणी त्या श्राद्धाच्या दिवशीच होऊन गेली होती.

दिलेली वस्तू देणाऱ्याच्या घरात ठेवायची नाही, असं भटजींनी सांगितलं, म्हणून ती सायकल पुढे वर्षानुवर्षं मिंगेलमामाच्या ओटीवर राहिली. आईने तिला कधी हात लावला नाही, तिच्याबद्दल कधी विचारलं नाही. मी कामावरून आले की ती माझ्या हाताला लागलेलं तेल पाहायची आणि गरम पाणी काढायची. काका दर महिन्याला दहिसरहून यायचा आणि माळावरचा काळोख अजून तसाच आहे का ते विचारायचा. मी सांगायची, आहे, पण लवकर संपतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पाणी सोडून झाल्यावर भटजी म्हणाले, ‘‘आता दान घेऊन निघायचं. देणाऱ्यांकडे वळून बघायचं नाही. रस्त्याला लागेपर्यंत मागे बघू नकोस, बाळ. तुझ्यासाठी नाही सांगत, तुझ्या बाबांसाठी सांगतोय. घरच्यांनी परत बोलावलंसं वाटलं तर माणूस वाटेत थांबतो.’’ मी सायकलचं हँडल धरलं. अंगणातून, विहिरीजवळून, चाळीच्या खोल्यांपुढून मी ती हाताने ढकलत नेली. दारादारांत बायका उभ्या होत्या. माझ्या पाठीला घर जाणवत होतं आणि आई उंबऱ्यात उभी आहे हेही जाणवत होतं. चाळ संपते तिथे मी थांबले, साडीचा काठ वर खोचला, एक पाय पेडलवर ठेवला आणि चढले. सायकल डगमगली, मग सरळ झाली.

तेव्हा मागून आईचा आवाज आला. ती मला हाक मारत नव्हती. शेजारच्या कुणा बाईला सांगत होती, पण इतक्या मोठ्याने की मला ऐकू आलं, आणि तिच्या आवाजात वर्षभरानंतर पहिल्यांदा हसू होतं.

‘‘बसले गो,’’ ती म्हणाली. ‘‘आमचे ह्ये बसले एकदाचे सायकलीर.’’

मी मागे बघितलं नाही. मी पेडल मारत राहिले.